काबूलची राणी, मुंबईची पाहुणी

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतले आणि त्यानंतर महिनाभरात सहावीच्या पुढील मुलींची शाळा बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारेही त्यांच्यासाठी मिटली. या बातम्या आपल्याकडे ठळकपणे छापून आल्या, त्यावर हळहळ व्यक्त झाली आणि इतर बातम्यांप्रमाणे त्या मागेही पडल्या. मात्र काबूलमध्ये मुलींची शाळा हुकमाने बंद होण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९९६ मध्ये याच तालिबानने तेच केले होते आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९२९ मध्ये, त्या देशातील मुलींची पहिली शाळा बंद पडली होती. ती शाळा ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, त्या राणीला त्याच वर्षी देश सोडावा लागला. परागंदा झालेली ही राणी काही आठवडे मुंबईत मुक्कामाला होती आणि त्यांची एक मुलगी मुंबईतच जन्मली. राणीचे नाव सुरैया. मराठी वाचकाला या नावाने चित्रपटातील गायिका-अभिनेत्री आठवेल. पण ही सुरैया पडद्यावरची नव्हे, पडदा बाजूला सारणारी.

सुरैया तर्झी यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८९९ रोजी दमास्कस येथे झाला. अफगाण राजघराण्याशी नाते सांगणारी मुलगी सीरियात कशी जन्मली, याचे उत्तर त्यांच्या आजोबांच्या हद्दपारीत आहे. सरदार गुलाम मोहम्मद हे कवी होते आणि तर्झी या टोपणनावाने लिहीत. अमीर अब्दुर रहमान यांची त्यांच्यावर गैरमर्जी झाली आणि १८८० च्या दशकाच्या प्रारंभी सारे कुटुंब देशाबाहेर घालवले गेले. त्यांनी काही काळ तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराचीत काढला आणि नंतर तुर्की साम्राज्याचा आश्रय घेतला. त्यांचे पुत्र महमूद तर्झी दमास्कसमध्ये वाढले, अनेक भाषा शिकले आणि तेथेच त्यांनी अस्मा रस्मिया या सीरियन तरुणीशी विवाह केला. अस्मा यांचे वडील दमास्कसच्या प्रख्यात उमय्या मशिदीचे मुअज्जिन होते. पुढे ज्या राणीवर धर्मबुडवेपणाचा आरोप झाला, त्यांच्या आईचे वडील इस्लामी जगातील सर्वांत जुन्या मशिदींपैकी एकीत अजान देत असत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अब्दुर रहमान यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र हबीबुल्ला गादीवर आले आणि त्यांनी हद्दपार घराण्यांना परत बोलावले. तर्झी कुटुंब काबूलला आले तेव्हा सुरैया लहान होत्या. दमास्कसच्या घरात पुस्तके होती. काबूलमध्ये मात्र उंच भिंतींआड असलेल्या जनानखान्यांचे जग होते. खुद्द अमिरांच्या जनानखान्यात अनेक बायका होत्या. महमूद तर्झी यांनी १९११ मध्ये ‘सिराज-उल-अखबार’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९१८ पर्यंत ते चालवले. त्यात जगातील कर्तबगार स्त्रियांविषयी मजकूर येई. स्त्रियांचे शिक्षण इस्लामविरोधी नाही, हा तर्झी यांच्या लेखनातील आग्रहाचा मुद्दा होता. बहुपत्नीत्वाच्या त्या दरबारात ते स्वतः एकाच पत्नीसोबत संसार करीत होते.

तर्झींच्या घरी राजपुत्रांची ये-जा असे. अमिरांचे तिसरे पुत्र अमानुल्ला त्यांचे शिष्यच बनले होते. ऑगस्ट १९१३ मध्ये अमानुल्ला आणि सुरैया यांचा विवाह झाला. वधूला तेव्हा चौदावे वर्ष पुरे व्हायचे होते. बालविवाहाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या पाठीशी पुढे ज्या राणी उभ्या राहिल्या, त्यांचे स्वतःचे लग्न असे झाले होते. आपल्याकडे रमाबाई रानडे यांची आठवण यावी, असाच हा प्रकार.

२० फेब्रुवारी १९१९ रोजी लघमान प्रांतात शिकारीच्या मुक्कामी हबीबुल्ला यांची हत्या झाली. अमानुल्ला काबूलमध्ये होते. खजिना आणि सैन्य त्यांच्या हाती आले आणि तेच गादीवर बसले. मे महिन्यात त्यांनी इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारले. लढाई अल्पकाळ चालली, निर्णायक कोणीच जिंकले नाही. पण ऑगस्ट १९१९ मध्ये रावळपिंडीच्या तहाने अफगाणिस्तानला परराष्ट्र व्यवहाराचे स्वातंत्र्य मिळाले. इंग्रजांना वाकवणारा मुसलमान राजा म्हणून अमानुल्लांचे नाव हिंदुस्थानात, विशेषतः खिलाफत चळवळीच्या दिवसांत, घरोघर पोहोचले.

सुरैयांचे राणीपद तेथील प्रथेहून वेगळे होते. राणी म्हणून मान होता तो त्यांच्या एकट्यांचा. त्या राजासोबत घोड्यावरून जात, शिकारीला जात, सैन्याच्या संचलनाला हजर राहत. परंतु त्यांच्या कामाचा खरा विचार करायचा तर या दृश्यांपेक्षा १९२१ या वर्षाकडे पाहिले पाहिजे. त्या वर्षी काबूलमध्ये ‘मस्तुरात’ ही मुलींची शाळा निघाली. तिच्यावर देखरेख होती राणीच्या आईची. त्याच वर्षी ‘इर्शाद-ए-निस्वां’ हे स्त्रियांचे पहिले नियतकालिक निघाले. संपादिका पुन्हा अस्मा रस्मियाच. पुढे स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय झाले. आई संपादक, वडील परराष्ट्र मंत्री, नवरा राजा. हे सारे कार्य एका कुटुंबाच्या बैठकीत ठरत होते आणि पुढे तेच त्याचे सर्वांत दुबळे अंग ठरले.

‘मस्तुरात’ या शब्दाचा अर्थच मुळी झाकलेल्या, पडद्यातील स्त्रिया असा आहे. शाळेचे नाव असे ठेवण्यात शहाणपण होते. पडद्यात राहणाऱ्या मुलींनी पडद्यात राहूनच शिकावे, आधी अक्षर यावे, बाकीचे पुढे पाहू, अशी ही सुरुवात होती. काबूलमध्ये काही शे मुली अशा शाळांतून शिकू लागल्या. कोणी त्या शाळेला आग लावली नाही.

आक्षेप उठले ते कायद्यावर. विवाहविषयक नव्या नियमांनी बालविवाहाला मनाई केली, वधूची संमती आवश्यक ठरवली, वधूमूल्य आणि लग्नाच्या खर्चाला मर्यादा घातली, विधवेला पतीच्या घराण्याची मालमत्ता मानण्याच्या चालीला विरोध केला. टोळ्यांच्या समाजात मुलगी देणे-घेणे हा केवळ घरगुती मामला नव्हता. त्यावर वैरे मिटत, सोयरिकी आणि जमिनी जुळत. काही ठिकाणी खुनाची भरपाई म्हणून मुलगी दिली जाई. त्यामुळे हा कायदा म्हणजे राजाने थेट घरात हात घातला, असे टोळीप्रमुखांना वाटले. १९२४ मध्ये खोस्त भागात बंड झाले. ते मोडायला कित्येक महिने लागले आणि काही कलमे मागे घ्यावी लागली. हा पहिला इशारा होता. तो पुरेसा गंभीरपणे घेतला गेला नाही, असे मागे वळून पाहताना वाटते.

याबाबतीत आपण नाक वर करून बोलण्याचे कारण नाही. संमतिवयाच्या विधेयकावरून १८९१ मध्ये पुण्यात जे रण माजले ते सर्वश्रुत आहे, आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा सारडा कायदा व्हायला १९२९ साल उजाडावे लागले. म्हणजे काबूलचा कायदा आपल्या आधीचा.

डिसेंबर १९२७ मध्ये राजा-राणी परदेश दौऱ्यावर निघाले. कंदाहार, चमन, क्वेटा, कराची असा प्रवास करून ते मुंबईला आले. मुंबईत त्यांचे जंगी स्वागत झाले. येथून बोटीने इजिप्त, मग इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, सोव्हिएत रशिया, तुर्कस्तान आणि इराण असा सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेला हा दौरा होता. युरोपात उतरल्यावर राणींनी चेहरा झाकणे सोडले. युरोपीय पोशाख, मोकळे दंड, मेजवान्यांत परपुरुषांशी हस्तांदोलन. तेथील वृत्तपत्रांना हे सारे कौतुकाचे होते आणि त्यांनी छायाचित्रे भरभरून छापली.

तीच छायाचित्रे सरहद्दीवरील टोळ्यांमध्ये फिरली. ती कोणी वाटली, हा वादाचा विषय आहे. इंग्रजांनीच हे केले, असा संशय तेव्हाही व्यक्त झाला आणि आजही होतो. त्याचा ठोस पुरावा मात्र पुढे आलेला नाही. कोणीही वाटली असोत, त्यांचा परिणाम व्हायचा तो झाला. ज्या राणींनी मुलींची शाळा काढली, त्यांचे नाव गावोगाव पोहोचले ते शाळेमुळे नव्हे, उघड्या दंडांमुळे.

जुलै १९२८ मध्ये परतलेल्या अमानुल्लांना घाई झाली होती. तुर्कस्तानात केमाल पाशांनी केलेली उलथापालथ ते डोळ्यांनी पाहून आले होते. पण केमाल पाशांच्या पाठीशी लढाईतून तावून निघालेले सैन्य होते. अमानुल्लांच्या सैन्याला पगार अपुरा होता आणि तोही थकत असे. पघमान येथे देशभरातील प्रतिनिधींची महासभा, म्हणजे लोया जिर्गा, भरली तेव्हा दाढीधारी टोळीप्रमुखांना कोट-पाटलोण घालून बसवण्यात आले. अपमानाची भावना घेऊनच ती माणसे घरी परतली असतील. लग्नाचे किमान वय वाढवण्याचा प्रस्ताव याच सभेने फेटाळला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये काबूलमध्ये अधिकारी आणि निमंत्रितांपुढे राजाने अनेक दिवस भाषणे केली. चेहरा झाकणे धर्माने सक्तीचे केलेले नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले आणि त्याच सभेत राणी सुरैयांनी सर्वांसमक्ष चेहऱ्यावरील जाळी दूर केली. उपस्थित अधिकाऱ्यांच्या पत्नींनी त्यांचे अनुकरण केले. त्यांतील किती जणींनी ते मनापासून केले आणि किती जणींनी राजाज्ञा म्हणून, हे इतिहासाने नोंदवलेले नाही. त्याच सुमारास मस्तुरात शाळेतील सुमारे पंधरा मुली पुढील शिक्षणासाठी तुर्कस्तानला पाठवण्यात आल्या. अफगाण इतिहासात असे पूर्वी कधीही घडले नव्हते. माझ्या मते सभेतील त्या प्रसंगापेक्षा हा प्रवास मोठा होता.

येथे थोडे आपल्या मुलखाकडे वळून पाहू. १९२८ मध्ये जालना हे निजामाच्या राज्यातील, मनमाडहून हैदराबादला जाणाऱ्या रेल्वेवरचे, कापसाच्या व्यापाराचे गाव होते. निजामाच्या राज्यातही उमरावांच्या घरी पडदा कडक होता. १९३१ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाशी विवाह होऊन दुर्रुशेहवार या हैदराबादला आल्या. अखेरच्या खलिफांची ही मुलगी. त्यांनी पडदा पाळला नाही, मुलींच्या शिक्षणासाठी आणि रुग्णालयासाठी काम केले आणि हैदराबादेत त्यावरून बंड झाले नाही. याचे एक कारण असे की, त्यांच्या उघड्या चेहऱ्यामागे प्रजेच्या घरात शिरणारे कोणतेही फर्मान नव्हते.

आज जालना एमआयडीसीत पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर पाहिले तर पोलादाच्या कारखान्यांतून पुरुष बाहेर पडताना दिसतात आणि बियाण्यांच्या कारखान्यांतून स्त्रियाही. कोणाच्या डोक्यावर पदर, कोणाच्या तोंडाला उन्हापासून बांधलेला रुमाल, कोणाच्या अंगावर बुरखा. एकाच रिक्षात बसून त्या गावात परततात. त्यांची मजुरी पुरेशी आहे असे कोणी म्हणणार नाही; घरी गेल्यावर चूल आणि पाणी त्यांनाच पाहावे लागते, हेही खरे. पण कामावर जायचे की नाही, हा प्रश्न डोक्यावरील कापडाशी बांधला गेलेला नाही. काबूलमध्ये १९२८ साली नेमके तेच झाले. शाळा आणि जाळी यांची गाठ मारली गेली. ज्याला जाळी हवी त्याने शाळाही नाकारली. ही गाठ राजाने मारली की त्याच्या विरोधकांनी, यावर वाद होऊ शकतो. मला वाटते दोघांनी मिळून मारली.

नोव्हेंबर १९२८ मध्ये जलालाबादच्या परिसरातील शिनवारी टोळी उठली. तिने जलालाबादचा राजवाडा जाळला. बंडखोरांच्या मागण्यांमध्ये कर कमी करण्याची मागणी होती, नवे कायदे रद्द करण्याची होती, तुर्कस्तानला गेलेल्या मुलींना परत बोलावण्याची होती आणि राजाने सुरैयांना तलाक देऊन तर्झी कुटुंबाला देशाबाहेर काढावे, अशीही होती. कर, थकलेले पगार, अधिकाऱ्यांची लाचखोरी, परदेश दौऱ्याचा आणि नव्या राजधानीच्या बांधकामाचा खर्च अशा अनेक कारणांनी पेटलेल्या असंतोषाला एक चेहरा हवा होता. तो एका स्त्रीच्या रूपाने सापडला. केवळ राणीच्या पोशाखामुळे राज्य गेले, असे जे सोपे उत्तर पुढे रूढ झाले, त्यात या बाकीच्या कारणांचा विसर पडतो.

उत्तरेकडून हबीबुल्ला कलकानी, म्हणजे भिश्त्याचा मुलगा या अर्थाने ओळखला जाणारा बच्चा-ए-सक्का, काबूलवर चालून आला. राणींना आणि कुटुंबाला विमानाने कंदाहारला हलवण्यात आले. गादी वाचवण्यासाठी अमानुल्लांनी जानेवारी १९२९ च्या प्रारंभी सवलतींचे फर्मान काढले. त्यात मुलींच्या शाळा बंद करण्याचे आणि तुर्कस्तानातील विद्यार्थिनींना परत आणण्याचे कबूल केले होते. म्हणजे काबूलमधील मुलींच्या शिक्षणावर पहिला घाव घातला तो त्याच्या शत्रूंनी नव्हे, ज्या राजाने ते सुरू केले त्यानेच. कंदाहारमध्ये बसलेल्या सुरैयांना आणि शाळा सांभाळणाऱ्या त्यांच्या आईला हे कळले तेव्हा काय वाटले असेल?

या सवलतींचाही उपयोग झाला नाही. १४ जानेवारी १९२९ रोजी अमानुल्लांनी थोरले बंधू इनायतुल्ला यांच्याकडे राज्य सोपवून काबूल सोडले. तीनच दिवसांत इनायतुल्लांनाही गादी सोडावी लागली. हे नवे राजे सुरैयांचे दीर होते आणि मेहुणेही. त्यांच्या बहिणीचा विवाह इनायतुल्लांशी झाला होता. कंदाहारहून सैन्य जमवून काबूल परत घेण्याचा अमानुल्लांचा प्रयत्न गझनीच्या वाटेवर फसला. २३ मे १९२९ रोजी त्यांनी चमनजवळ सरहद्द ओलांडली आणि आगगाडीने हे कुटुंब मुंबईला आले.

दीड वर्षापूर्वी याच शहरात ज्यांचे पाहुणे म्हणून स्वागत झाले होते, ते आता राज्य गमावून आले होते. राणींचे दिवस भरत आले होते. जूनच्या प्रारंभी, मुंबईत पावसाळा तोंडावर असताना, त्यांना मुलगी झाली. ज्या भूमीने ऐन वेळी आसरा दिला तिचेच नाव मुलीला ठेवले गेले: हिंदिया, म्हणजेच इंडिया. जूनच्याच अखेरीस हे कुटुंब बोटीने इटलीला रवाना झाले. महमूद तर्झी तुर्कस्तानला गेले आणि नोव्हेंबर १९३३ मध्ये इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले.

बच्चा-ए-सक्काची सत्ता नऊ महिनेच टिकली. त्यानंतर आलेल्या नादिर शाह यांनी सुरुवातीला मुलींच्या शिक्षणाचा विषय टाळला; पुढे ते हळूहळू, गाजावाजा न करता पुन्हा सुरू झाले. रोममधील सुरैयांचे आयुष्य साधेपणाने गेले. राजवाड्यातील माणसांची विजनवासातील दिनचर्या फारशी नोंदली जात नाही. एप्रिल १९६० मध्ये झुरिच येथे अमानुल्लांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत एक गोष्ट मात्र घडली. ऑगस्ट १९५९ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात पंतप्रधान दाऊद खान यांच्या मंत्रिमंडळातील मंत्र्यांच्या पत्नी उघड्या चेहऱ्याने व्यासपीठावर आल्या. या वेळी कायदा केला गेला नाही, सक्तीही नव्हती. आणि सैन्य सरकारच्या हातात होते. १९६४ च्या राज्यघटनेने स्त्रियांना समान हक्क आणि मताधिकार दिला. १९६५ मध्ये कुब्रा नूरझाई या आरोग्यमंत्री झाल्या, त्या देशातील पहिल्या स्त्री मंत्री. या बातम्या सुरैयांनी रोममध्ये वाचल्या असतील तेव्हा त्या पासष्टीच्या आसपास होत्या.

२० एप्रिल १९६८ रोजी रोममध्ये सुरैयांचे निधन झाले. राजघराण्यातील चुलत शाखा तेव्हा काबूलच्या गादीवर होती. तिने त्यांचे पार्थिव सरकारी इतमामाने मायदेशी आणण्याची व्यवस्था केली. जलालाबाद येथे, सासरे हबीबुल्ला आणि पती अमानुल्ला यांच्या शेजारी त्यांचे दफन झाले. ज्या शिनवारी टोळीने त्यांच्या तलाकाची मागणी केली होती, तिचा मुलूख तेथून जवळच आहे.